नऊ पावलांची जागा

हुमनाबादच्या बाहेर, हैदराबादकडे जाणाऱ्या हमरस्त्याला लागून माझं जुन्या ट्रॅक्टरांचं आवार आहे. गेल्या उन्हाळ्यात तिथं बसवकल्याणच्या एक निवृत्त शिक्षिकाबाई रिक्षातून उतरल्या. लेकीच्या बाळंतपणासाठी सहा महिने अमेरिकेत राहून त्या नुकत्याच परतल्या होत्या. त्यांच्या पिशवीत गुडघ्याला लावायच्या मलमाची ट्यूब, चॉकलेटचा पुडा आणि एक लांब पांढरा लिफाफा होता. तुमच्या अण्णांनी दिलंय, म्हणाल्या. अण्णा म्हणजे माझा अमेरिकेतला थोरला भाऊ; मी त्याचा तम्मा, धाकटा.

लिफाफा मी त्यांच्यासमोरच फोडला. आत एकच कागद. त्यावर कुणीतरी पाय ठेवून कडेकडेनं निळं पेन फिरवलं होतं. उजवं पाऊल. अंगठा, चार बोटं, टाच, सगळं नीट. खाली कन्नडमध्ये एक ओळ: ‘तम्मा, माप पाठवलंय.’ सही नाही, तारीख नाही.

मी कागद उलटा करून बघितला, उजेडासमोर धरून बघितला. काही नव्हतं. माझ्या धंद्यात कोरी पाठ असलेल्या कागदाला मी जास्त भितो. लिहिलेलं वाचता येतं, न लिहिलेलं वकील वाचून दाखवतो.

हे माप कशाचं ते सांगायला हवं. आमच्यात मेलेल्या माणसाला जाळत नाहीत. बसवून पुरतात. मांडी घातलेली, डाव्या तळहातात इष्टलिंग, कपाळाला विभूती, तोंड जित्या माणसासारखं समोर. पुरायचं शक्यतो स्वतःच्या शेतात. आणि खड्ड्याचं माप टेपनं घेत नाहीत. गेलेल्याचं पाऊल सुतळीनं मोजतात आणि तशी नऊ पावलं इकडून, नऊ तिकडून धरतात. ज्याची जागा त्याच्याच पायानं. आमच्या अप्पाला आणि अव्वाला, आईबापांना, मी असंच माप घेऊन आवाराला लागून असलेल्या शेतात बसवलंय.

ते शेत विकायचं ठरवलं होतं. चार एकर लाल रान, तूर आणि उडीद सोडून त्याला काही मानवत नाही. कलबुर्गीच्या एका व्यापाऱ्याला तिथं गोदाम बांधायचं होतं. भला माणूस. दोन समाध्यांना हात लावणार नाही, त्यांच्याभोवती कंपाउंड घालून देईन, वाट ठेवीन, असं स्वतःहून म्हणाला. पण त्या दोन समाध्या रस्त्याकडच्या कोपऱ्यात आहेत आणि त्याचं फाटक तिथंच येणार होतं. त्यानं पावलं टाकून दाखवलं. लॉरी इथून आत येणार, इथं वळणार. दोन समाध्या जाऊन जेवढं उरतं तेवढंच वळायला पुरतं. एक हात कमी झाला तरी सौदा रद्द.

अडचण एवढीच होती की पहाणीवर, म्हणजे इकडच्या सातबाऱ्यावर, अप्पाच्या मागं दोन नावं लागली आहेत. माझं आणि अण्णाचं. म्हणून मी अण्णाला फोन केला आणि मुखत्यारपत्र पाठव म्हणालो. तो म्हणाला, “तम्मा, जमीन इक, माझं काय न्हाई. पर अव्वाच्या बाजूला मला एक जागा ठेव.”

माझं डोकं गरम झालं. तीस वर्षं तिकडं राहिलेला माणूस. बायको तिकडं, लेक तिकडं, घर तिकडं, आणि मेल्यावर इकडं येणार. मी म्हणालो, “किती पाहिजे जागा? माप पाठीव की.” आणि फोन ठेवला.

हा टोमणा होता. हुमनाबादच्या रस्त्यावरच्या कुणालाही कळला असता. अण्णानं कागदावर पाय ठेवला.

आता मला यातलं एकच ठरवता येईना. तीस वर्षं बाहेर राहून माणसाला टोमणा कळेनासा होतो, की कळूनही न कळल्याचं दाखवायला तो शिकतो? पहिलं असेल तर कीव करायची. दुसरं असेल तर तो माझ्यापेक्षा पक्का गडी. मी दुसरं धरून चाललो. धंद्यात नेहमी तेच धरून चालावं.

शिक्षिकाबाईंना चहा पाजला आणि विचारायला सुरुवात केली. अण्णाचं घर केवढं, गाडी कसली, नोकरी अजून आहे का, की सुटली? खोकतो का? लेक जवळ राहते का? बायकोशी पटतं का? बाईंनी एक-दोन उत्तरं दिली, मग कप खाली ठेवला.

“तुम्ही पोलिसात व्हता काय?”

“ट्रॅक्टर इकतो, बाई. गिऱ्हाईक आधी बघावं लागतंय.”

“ते गिऱ्हाईक न्हाईत, तुमचे अण्णा हाईत.” एवढं बोलून त्या उठल्या. जाता जाता मात्र एक गोष्ट सांगून गेल्या. आपल्याकडची तीसेक घरं दर रविवारी तिकडं एकाच्या तळघरात जमतात. पूजा, वचनांचं गाणं, मग जेवण. अण्णानं त्यांच्याशी वाद घालून गेले तीन रविवार जाणं बंद केलंय. कशावरून, ते त्यांना नीट कळलं नव्हतं. तिथल्या स्मशानावरून काहीतरी, म्हणाल्या.

स्वतःच्या माणसांशी भांडलेला माणूस गावाकडची जमीन आठवतो. हे मी बऱ्याच जणांत पाहिलंय. उदगीरकडचे दुबईवाले, आळंदचे लंडनवाले, सगळ्यांचा हाच क्रम. आधी तिकडं बिनसतं, मग इकडचा बांध आठवतो, मग तलाठ्याचा नंबर मागतात. माझा संशय पक्का झाला.

कागद घेऊन मी आमच्या वकिलाकडं गेलो. म्हातारा आहे, निजामाच्या काळातले कागद वाचतो. त्यानं चष्मा पुसून पाऊल बघितलं, मग मला बघितलं.

“याच्यावर कोर्टात फक्त चप्पल मागता येईल,” तो म्हणाला.

“हसू नका, वकीलसाब. उद्या हा म्हणला, माझ्या भावानं माप मागवून घेतलं, म्हणजे जागा कबूल केली, तर?”

वकिलाचं हसू जरा कमी झालं. कागदाला काही अर्थ नाही, तो म्हणाला, पण समाधीला आहे. तिसरी समाधी एकदा त्या कोपऱ्यात बसली की कुठलाही व्यापारी तिथं लॉरी वळवणार नाही, आणि कुठलंही कोर्ट ती उठवणार नाही. मला तेवढंच ऐकायचं होतं. घरी येऊन बायकोला सांगितलं, की अण्णा मेल्यावर जमीन अडवणार आहे.

बायको भाकरी थापत होती. “माप तुम्हीच मागितलं, त्यांनी दिलं,” ती म्हणाली. “आता कामून तापायलाव?”

तापण्याचं कारण जुनं आहे. ते इथं लिहितो. तोंडानं सांगायला गेलो की माझा आवाज चढतो आणि लोक आवाजच ऐकतात.

अप्पानं अण्णाला कलबुर्गीला इंजिनिअरिंगला घातलं आणि मला पुणे-हैदराबाद लॉरीवर. त्याबद्दल माझी तक्रार नाही. त्याला गणित येत होतं, मला येत नव्हतं. मला इंजिनाचा आवाज कळत होता. औरादच्या एका तेलुगू शेतकऱ्याकडून पडका ट्रॅक्टर घेतला, खोलून उभा केला, विकला, आणि तिथून आजपर्यंत मी कुणाच्या जिवावर खाल्लेलं नाही. अण्णानं पैसे पाठवले तेव्हा परत पाठवले. तक्रार तीही नाही.

तक्रार अव्वाच्या दिवसाची आहे. अव्वा सकाळी गेली. आमच्यात फार वेळ ठेवत नाहीत, दुपारी समाधी. अण्णा विमानात बसला तरी पोचणार नव्हता. तो फोनवरून बघणार होता. पाहुणे पुष्कळ होते, कुणीही फोन धरला असता. पण अण्णा म्हणाला, “तम्मा, तूच धर. दुसऱ्याचा हात हालतो.” मी धरला. अव्वाला खड्ड्यात बसवताना धरला, आमचा पुरोहित अय्या मंत्र म्हणत होता तेव्हा धरला, बेल-विभूती टाकताना धरला. मूठमाती द्यायची वेळ आली तेव्हा माझ्या उजव्या हातात अण्णा होता. मी डाव्या हातानं माती टाकली. आईला. त्या फोनमध्ये अण्णा हुंदके देऊन रडत होता आणि सगळा गाव माझ्या हाताकडं वाकून बघत होता. नंतर वर्षभर लोक मला सांगत राहिले, तुमचा अमेरिकावाला काय रडला हो. मी रडलो की नाही, हे कुणी बघितलंच नव्हतं. मी फोन स्थिर धरला होता.

तर अशा माणसाला अव्वाच्या शेजारी जागा पाहिजे होती.

पाऊस उघडल्यावर अण्णा आठ दिवसांसाठी आला. मुखत्यारपत्र पोस्टानं न पाठवता स्वतः येऊन सही करतो म्हणाला. मला तेही खटकलं. हैदराबादच्या विमानतळावर घ्यायला गेलो. दोन मोठ्या बॅगा, एकीचं चाक मोडलेलं. केस काळे केलेले, चाल मात्र म्हाताऱ्याची. रंग नवा आणि गिअर अडकणारा ट्रॅक्टर माझ्याकडं आला की मी आधी विचारतो, कामून विकायलास? अण्णाला विचारलं नाही. वाटेत जहीराबादला चहा प्यायलो. तो काचेतून बाहेरच बघत होता. मी त्याच्याकडं बघत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो अनवाणी शेतात गेला. मी आवारातल्या ट्रॅक्टरांच्या आडून बघितलं. विहिरीपासून त्यानं चालायला सुरुवात केली, एक-एक पाऊल जपून, ओठ हलत होते. मोजत होता. विहिरीपासून बांध, बांधापासून समाध्या. मग वाकून माती उचलली, चोळली, टाकली. खिशातून फोन काढून चारी बाजूंचे फोटो घेतले. शेजारच्या शेतातला गडी आला तर त्याच्याशी कन्नडमध्ये अर्धा तास बोलला. मी नंतर त्या गड्याला विचारलं. तो म्हणाला, बांधावरची बाभूळ कुठं गेली, असं विचारत होते. ती बाभूळ मी बारा वर्षांपूर्वी तोडली. म्हणजे यानं जुना नकाशा मनात ठेवलाय आणि आता ताळा घेतोय, असा मी अर्थ काढला.

जेवताना त्यानं तिकडच्या भांडणाची गोष्ट सांगितली. मी विचारली नव्हती, बायकोनं विचारली. त्यांच्या रविवारच्या मंडळातला एक आळंदकडचा म्हातारा वारला. रोज पहाटे उठून पूजेला बसणारा माणूस. मंडळानं तिथल्या स्मशानात आधीच एक कोपरा घेऊन ठेवला होता. पण त्या स्मशानाच्या नियमात बसवणं नव्हतं, पेटी लागते, आणि पेटीत माणूस आडवाच मावतो. अण्णानं मंडळाला सांगितलं, आपण जाऊन बोलू, अर्ज करू, दुसरी जागा शोधू. मंडळ म्हणालं, आता कशाला, चालतंय की. अण्णा खांदा द्यायला होता.

“त्याला आडवा केला, तम्मा,” तो म्हणाला. “सगळ्यांनी बघितलं. कुणी काय म्हटलं न्हाई.”

बायकोनं डोळ्याला पदर लावला. मी भात कालवत राहिलो. विकणाऱ्याची गोष्ट जेवढी चांगली, तेवढं इंजिन नीट तपासावं, हा माझा नियम आहे. गोष्ट फारच चांगली होती.

चौथ्या दिवशी तो म्हणाला, बसवकल्याणला जाऊन येतो. गाडी देतो म्हटलं तर नको, बसनं जातो. मला उमरग्याला एक ट्रॅक्टर बघायचा आहे असं सांगून मी मोटारसायकल काढली आणि बसच्या मागं लागलो. आज लिहिताना लाज वाटते, तेव्हा वाटली नाही. बसवकल्याणच्या स्टँडवर उतरून त्यानं एका टपरीवर चुरमुऱ्यांचा सुसला खाल्ला, दोन प्लेटी. मग किल्ल्याकडं गेला नाही, तहसीलकडंही गेला नाही, वकिलाकडंही नाही. एका बोळात शिरला. समोर टायरचं दुकान होतं, तिथं मी तासभर बसलो आणि न घ्यायचे दोन टायर पसंत केले. तो बाहेर पडून स्टँडकडं गेल्यावर मी त्या घरात शिरलो. आमच्या घरची कार्यं करणारा अय्या राहतो ते घर. अव्वालाही त्यानंच बसवलं होतं.

अय्यानं मला बघून पाट सरकवला. “एक भाऊ गेला, दुसरा आला. तुम्ही एकदम कामून येत न्हाई?”

मी विचारलं, अण्णा काय म्हणत होता. अय्या लपवणारा माणूस नाही. त्यानं सांगितलं, की तुझ्या भावाला एकच शंका होती. माणूस तिकडं मेला, चार-पाच दिवसांनी पेटीतून इकडं आला, तर अंग ताठलेलं असतंय. त्याला मांडी घालून बसवता येतं का?

“मग तुम्ही काय म्हणला?”

“म्हणलं, ये तर खरं. बसत नसलास तर टेकवू.”

मी परत येताना मोटारसायकल हळू चालवली. तरी मनात एक किडा होताच. अण्णाला ठाऊक असेल का, की मी मागं येतोय? ठाऊक असूनच तो अय्याकडं गेला नसेल ना? माझ्यासारख्याला फसवायचं तर असंच फसवावं लागेल.

सहाव्या दिवशी मी त्याला शेतात घेऊन गेलो. मनात तीन पायऱ्या ठरवून ठेवल्या होत्या. आधी म्हणायचं, हुमनाबादच्या समाजाच्या स्मशानात, रुद्रभूमीत, तुझ्यासाठी जागा बघतो. तो नाही म्हणणार. मग म्हणायचं, माझ्या कमठाण्याच्या रानात देतो, तिथं पाणीही आहे. तो अडेल. मग शेवटची, इथंच पण समाध्यांच्या मागं, बांधाला टेकून, अर्ध्या मापात. उरलेलं अर्धं बांधापलीकडं सरकवायला शेजाऱ्याशी मी बोलून ठेवलं होतं. सौदा असा उतरवत न्यायचा असतो.

पहिली पायरी मांडायच्या आधीच अण्णा अव्वाच्या समाधीवर हात ठेवून म्हणाला, “तू त्या दिवशी फोन लई नीट धरलास, तम्मा. सगळं दिसलं मला. अव्वाच्या कपाळावरची विभूतीसुद्धा.”

त्याला वाटलं, तो माझं कौतुक करायलाय. माझ्या तीनही पायऱ्या कोसळल्या. काय काय बोललो ते सगळं आठवत नाही. आवारातले माझे मेकॅनिक पाने खाली ठेवून कुंपणाशी आले, एवढं आठवतं. मी म्हणालो, तुला विभूती दिसली, मला माझी आई दिसली न्हाई. मी पडद्यात बघत होतो, तुझं चित्र बरोबर येतंय का ते. मी म्हणालो, तू दोन डोळ्यांनी रडलास आणि मी एका हातानं माती दिली. मी म्हणालो, आता तिच्या बाजूला बसायला येतोस, तेव्हा कुठं व्हतास? मग बरंच वाईटही बोललो. ते लिहीत नाही.

मी थकल्यावर अण्णा म्हणाला, “हे मला ठाऊक नव्हतं.” आणि घराकडं चालू लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो मला म्हणाला, चल, सही करू. रजिस्ट्रारच्या ऑफिसात रांग होती. त्यानं कागद वाचला नाही. मी वाच म्हणालो तर नको म्हणाला. जिथं बोट ठेवलं तिथं सही केली, अंगठे दिले. जागेचा विषय काढला नाही. कोपऱ्याचं, कंपाउंडचं, अव्वाचं, कशाचंच नाव नाही. संध्याकाळी बॅगा भरल्या, मोडक्या चाकाला माझ्याच आवारातला नट लावून घेतला आणि पहाटेच्या गाडीनं हैदराबादला गेला.

चार एकर शेत एका शब्दाशिवाय माझ्या हातात आलं. आणि मला घाम फुटला.

ज्यानं आयुष्यात घासाघीस केली नाही त्याला हे कळणार नाही. समोरचा माणूस किंमत पाडून मागतो, भांडतो, उठून जातो, परत येतो, तोवर सगळं ठीक असतं. पण जो काही न बोलता चावी हातात देतो, त्याच्या ट्रॅक्टरच्या ब्लॉकला चीर असते. मी ती चीर शोधू लागलो. वकिलाकडून मुखत्यारपत्र तीनदा वाचून घेतलं. एकही अट नव्हती. म्हणजे शरम वाटून सही केली का? की रागानं? की तिकडं काही कळलंय, डॉक्टरांनी काही सांगितलंय आणि आता जागेचं काही राहिलं नाही? की लेकीच्या नावानं पुढं दावा टाकायचा आहे? बायको म्हणाली, किंवा त्यांना तुमचं पटलं असंल. हे मला सगळ्यात अवघड वाटलं. पटलेलं माणूस किमान एकदा उलटं बोलतं.

व्यापारी इसार घेऊन आला, तेव्हा मी अजून त्याच विचारात होतो. त्यानं नकाशा टेबलावर पसरला. फाटक, वळण, गोदाम, कोपऱ्यात दोन छोटे चौकोन. मी पेन घेतलं आणि शेजारी तिसरा चौकोन काढला. का काढला, हे आजही मला नीट सांगता येत नाही. अण्णावर दया आली असं म्हणणार नाही, कारण आली नव्हती. एवढंच, की त्यानं न मागता सोडलेली वस्तू माझ्याकडं राहिली असती, तर मी जन्मभर तिच्यात चीर शोधत बसलो असतो.

व्यापारी म्हणाला, लॉरी वळणार नाही. मी म्हणालो, वळेल. तो उठला. मी त्याला फाटकापर्यंत जाऊ दिलं आणि मग हाक मारली. तास-दीड तास चाललं. शेवटी फाटक दुसऱ्या अंगाला सरकवायचं ठरलं, आणि तिथं वळायला मी माझ्या आवारातली दहा फुटांची पट्टी त्याला दिली, रस्त्याकडची, जिथं मी विकायला काढलेले सगळ्यात चांगले ट्रॅक्टर उभे करतो. माझ्याच मालाला मी मागं ढकललं. घरी कुणाला सांगितलं नाही. तारेचं कुंपण घातलं तेव्हा बायकोनं कोपरा मोजला आणि माझ्याकडं बघून आत गेली.

अण्णा तिकडून दर आठवड्याला फोन करायचा. जमिनीचं काय झालं, विचारायचा. चाललंय, पार्टी घासतंय, एवढंच मी सांगायचो. खरं सांगितलं तर तो आणखी काही मागेल, अशी भीती होती. तीन महिने मी त्याला झुलवला. मग एका रविवारी, तो पुन्हा त्या तळघरात जायला लागलाय असं बोलता बोलता म्हणाला, तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं.

“जागा हाय. ठेवलीय. पर फुकट न्हाई.”

तिकडून, “काय पाहिजे?”

“दर साली आठ दिवस. इथं. जिता असताना. तण काढायचं, कुंपण बघायचं, अव्वाला पाणी घालायचं. मेल्यावर तर कुणीबी येतंय.”

मला वाटलं, आता रडेल. नाहीतर हो, हो म्हणेल, सही केली तशी. अण्णानं घसा खाकरला.

“आठ जमत न्हाईत,” तो म्हणाला. “येण्याजाण्यातच तीन जातात. पाच धर.”

“पाचात काय व्हतंय? पाच दिवस तर तुझी झोप उतरायला लागतात.”

“मग विमान धरून सात.”

“विमान तुझं. इथं मातीला पाय लागल्यापासून मोजायचं.”

“तू अडत्यासारखा बोलायलास.”

“अडत्याच हाय मी. तू ठरीव.”

“सहा,” अण्णा म्हणाला. “सहाच्या वर एक तास न्हाई. हिकडं तुझ्या वैनीला कोण बघंल?”

मी खुर्चीत सरळ बसलो. तीस वर्षांत पहिल्यांदा हा माणूस माझ्याशी अडून बोलत होता. त्याला खरंच हवं होतं, तेही परवडेल तेवढ्यातच. सहा, मी म्हणालो. पण तिकीट काढलंस की फोटो पाठव. त्यानं विचारलं, माझ्यावर विश्वास न्हाई का? मी म्हणालो, विश्वास वेगळा, फोटो वेगळा.

मागच्या आठवड्यात फोटो आला. मी तो मोठा करून उतरण्याची तारीख बघितली, मग परतीची, मग दोन्हींची वेळ. हैदराबादहून शेतापर्यंतचे तास वजा केले. बोटांवर दोनदा मोजलं. साडेपाच दिवस भरत होते.

मी लगेच फोन लावला.